इंजिन का तापते? रेडिएटर, पंखा आणि आखाती उन्हाळा

आखाती देशांत जूनपासून सप्टेंबरपर्यंत भर दुपारी हवेचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाणे ही नित्याची गोष्ट आहे. अशा दिवसांत मोटारीचा तापमानदर्शक काटा लाल रेषेकडे सरकू लागला, तर तो केवळ यंत्राचा प्रश्न राहत नाही. गाडीतील लहान मुले आणि वृद्ध यांना त्या उन्हात महामार्गाच्या कडेला किती वेळ काढावा लागणार, हा त्याहून मोठा प्रश्न असतो. दुसरी बाब खर्चाची. इंजिन तापण्याची तक्रार घेऊन गेलेल्या ग्राहकाच्या गाडीचा आधी थर्मोस्टॅट, मग रेडिएटर, मग वॉटर पंप बदलला जातो, आणि सरतेशेवटी दोष सापडतो तो पंख्याच्या जळलेल्या रिलेमध्ये. योग्य क्रमाने तपासणी केली, तर हा फेरा बहुधा टळतो. तो क्रम कोणता, त्यामागील कारणे कोणती आणि त्यातले स्वतः किती करता येईल, याची माहिती पुढे दिली आहे.

उष्णतेचा हिशेब

इंजिनात इंधन जळून जी ऊर्जा निर्माण होते, तिचा ढोबळ मानाने एक तृतीयांश भाग गाडी चालविण्याच्या कामी येतो, साधारण तेवढाच एक्झॉस्टच्या धुरावाटे निघून जातो आणि जवळपास तितकाच भाग इंजिनाच्या धातूत उतरतो. हा तिसरा वाटा बाहेर काढणे हे शीतन यंत्रणेचे काम. वॉटर पंप कूलंटला इंजिनाच्या पोकळ्यांतून फिरवतो. थर्मोस्टॅट नावाची झडप साधारण ८२ ते ९५ अंशांच्या दरम्यान उघडून तापलेले कूलंट रेडिएटरकडे सोडते. रेडिएटरच्या पातळ नळ्यांतून जाताना त्याची उष्णता बाहेरच्या हवेला मिळते आणि निवलेले कूलंट पुन्हा इंजिनात परतते.

रेडिएटर किती उष्णता टाकू शकेल, हे कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. कूलंट १०० अंशांवर आणि हवा २५ अंशांवर असेल, तर फरक ७५ अंशांचा; हवा ४५ अंशांवर गेली की तो ५५ उरतो. म्हणजे तोच रेडिएटर, तीच गाडी, पण उष्णता टाकण्याची क्षमता एक चतुर्थांशाहून अधिक घटलेली. त्यातच एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसविलेला असल्याने केबिनमधून काढलेली उष्णता घेऊन आलेली, आधीच तापलेली हवा रेडिएटरच्या वाट्याला येते. पुण्यात किंवा लंडनमध्ये वर्षानुवर्षे लपून राहिलेला दोष दुबईत पहिल्याच जुलैत उघडा पडतो, त्याचे कारण हेच.

पंख्याचे स्थान या हिशेबात नेमके ठरलेले आहे. गाडी ताशी ५०-६० किलोमीटरच्या पुढे धावत असेल, तर समोरून येणारा वारा सहसा पुरेसा असतो. सिग्नलला, रांगेत किंवा वाहनतळावर इंजिन चालू ठेवून उभे असताना मात्र सारा भार पंख्यावर येतो. ही गरज मोटारीइतकीच जुनी आहे. विल्हेल्म मायबाख यांनी रचलेल्या १९०१ च्या मर्सिडीज ३५ एचपी या गाडीत ८,०७० बारीक नळ्यांचा, मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर होता, आणि कमी वेगात हवा कमी पडू नये म्हणून त्याच्यामागे पंखाही बसविलेला होता. आज तो पंखा विजेवर चालतो आणि त्याची आज्ञा संगणकाकडून येते. काम मात्र तेच आहे.

काटा वर सरकू लागला तर

काटा नेहमीच्या जागेवरून वर जाताना दिसला, पण लाल पट्ट्यात शिरलेला नसेल, तर प्रथम एसी बंद करावा. त्यामुळे कंडेन्सरची उष्णता आणि कॉम्प्रेसरचा भार दोन्ही कमी होतात. त्यानंतर काचा उघडून हीटर पूर्ण तापमानावर व पूर्ण वेगात चालू करावा. आखाती उन्हात हे अघोरी वाटेल. परंतु हीटर हा एक छोटा रेडिएटरच असतो आणि इंजिनाची काही उष्णता तो केबिनमध्ये काढून घेतो. सुरक्षित जागा गाठेपर्यंतचा अवधी त्यातून मिळू शकतो. मोकळा रस्ता असेल तर मध्यम वेगाने जात राहणे वाहतुकीत थांबून राहण्यापेक्षा बरे, कारण वारा मिळतो.

काटा लाल पट्ट्यात गेला, तापमापकाच्या चिन्हाचा लाल दिवा लागला किंवा बॉनेटखालून वाफ दिसली, तर मात्र वाटाघाटीला जागा नाही. गाडी रस्त्यापासून शक्य तितकी दूर घ्यावी, धोक्याचे दिवे लावावेत आणि इंजिन बंद करावे. “घर दोनच किलोमीटरवर आहे,” हा विचार सर्वांत महाग पडतो. आजच्या बहुतेक इंजिनांचे हेड ॲल्युमिनियमचे असते. अतितापाने ते मिलीमीटरच्या दहाव्या भागाइतके जरी वाकले, तरी हेड गॅस्केट गळू लागते आणि किरकोळ दुरुस्तीचे रूपांतर इंजिन उघडण्यात होते.

यानंतर तीन गोष्टी टाळायच्या. रेडिएटरचे किंवा कूलंटच्या टाकीचे झाकण गरम असताना उघडू नये. आतले द्रव दाबाखाली असल्याने शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळलेले नसते. झाकण सैल होताच दाब उतरतो, द्रव क्षणात उकळते आणि चेहऱ्यावर व हातांवर उडते. अशा भाजण्याच्या जखमा गंभीर असतात. किमान पाऊण तास थांबावे. आखाती दुपारी त्याहूनही अधिक. वरचा होज पाइप जाड कापडातून दाबला असता मऊ लागला, तरच झाकणाला हात लावावा. दुसरी गोष्ट, तापलेल्या इंजिनावर किंवा इंजिनात थंड पाणी ओतू नये. धातूला तडा जाऊ शकतो. तिसरी, बॉनेट उघडल्यावर हात, ओढणी, टाय किंवा गळ्यातील ओळखपत्राची फीत पंख्याजवळ नेऊ नये. इंजिन बंद असतानाही विजेचा पंखा अचानक सुरू होऊ शकतो.

माणसांची काळजी यंत्राच्या आधी घ्यावी. गाडीत कोणालाही बसवून ठेवू नये, सावली शोधावी, पाणी प्यावे. उन्हाळ्यात प्रत्येक गाडीत माणशी दोन लिटर पिण्याचे पाणी असणे हा शहाणपणाचा नियम आहे. गाडी धोकादायक जागी अडकली असेल, तर पोलिसांना कळवण्यात संकोच नको. संयुक्त अरब अमिरात, कतार आणि बहरीन येथे ९९९, ओमानमध्ये ९९९९ आणि कुवेतमध्ये ११२ हे आणीबाणीचे क्रमांक आहेत.

केव्हा तापते, यातच अर्धे निदान

गॅरेजला जाण्यापूर्वी वाहनचालकाने नोंदवलेले एक वाक्य तासाभराच्या तपासणीइतके मोलाचे ठरू शकते. ते वाक्य म्हणजे, गाडी नेमकी कोणत्या स्थितीत तापते.

थांबलेल्या गाडीत किंवा वाहतूक कोंडीत तापते आणि महामार्गावर वेग घेताच निवते: संशयाचा पहिला धनी पंखा. याच गाडीत उभे असताना एसीची हवा कोमट होते आणि वेग घेतल्यावर पुन्हा गार लागते, असे असेल तर संशय बळावतो; कारण कंडेन्सरलाही तोच पंखा हवा पुरवतो.

शहरात ठीक चालते, पण महामार्गावर किंवा चढावर तापते: येथे पंख्याचा दोष संभवत नाही असे नाही, पण तो दुय्यम. कूलंट कमी असणे, रेडिएटर आतून चोंदलेला किंवा बाहेरून धुळीने भरलेला असणे, वॉटर पंपाची पाती झिजलेली असणे किंवा खालचा होज पाइप शोषणाने चपटा होणे, ही कारणे आधी पाहावीत. अल ऐनजवळच्या जबल हफीतचा किंवा रास अल खैमाच्या जबल जैसचा चढ अशा दोषांची चांगलीच परीक्षा घेतो.

सुरू केल्यावर काही मिनिटांतच तापते: थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकलेला किंवा कूलंट फारच कमी.

काटा वरखाली होतो, आणि हीटर कधी गरम तर कधी गार हवा देतो: यंत्रणेत हवा शिरली आहे. बहुधा गळतीमुळे, क्वचित सदोष गॅस्केटमुळे.

काटा चढत जाऊन एकाएकी खाली पडतो, पण इंजिनाला तापल्याचा वास येत आहे: ही दिलाशाची नव्हे, धोक्याची खूण. कूलंट निघून गेले असून सेन्सर कोरडा पडला असण्याचा संभव आहे. गाडी तत्काळ थांबवावी.

येथे एक इशारा आवश्यक आहे. अनेक आधुनिक गाड्यांतील काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. साधारण ७५ ते १०५ अंशांच्या पट्ट्यात तो मध्यावरच दिसतो आणि त्यानंतर वेगाने चढतो. खरे तापमान जाणून घ्यायचे असेल, तर डॅशबोर्डखालील ओबीडी जोडणीत लावण्याचे छोटे उपकरण आणि मोबाइलवरील ॲप पुरेसे होते. ज्यांना एकदाही अतितापाचा अनुभव आला आहे, त्यांनी ते बाळगावेच.

पंख्याची तपासणी, क्रमाक्रमाने

सुरुवात निरीक्षणाने करावी. थंड इंजिन सुरू करून एसी किमान तापमानावर लावावा. बहुतेक गाड्यांत क्षणभरात, काहींमध्ये वायूचा दाब वाढल्यावर एक-दोन मिनिटांत, पंखा फिरू लागतो. दोन पंखे असतील तर दोन्ही पाहावेत. त्यानंतर एसी बंद करून इंजिन तसेच चालू ठेवावे आणि ओबीडीवर तापमान पाहावे. गाडीच्या रचनेनुसार साधारण ९५ ते १०५ अंशांच्या दरम्यान पंखा आपणहून सुरू झाला पाहिजे आणि काही अंश उतरताच थांबला पाहिजे. तापमान ११० च्या जवळ जाऊनही पंखा स्थिर असेल, तर प्रयोग तेथेच थांबवून इंजिन बंद करावे.

या दोन चाचण्यांतून वाट स्पष्ट होते. पंखा एसीबरोबर फिरतो, पण इंजिन तापल्यावर फिरत नाही, याचा अर्थ मोटर व तिची मुख्य वायर शाबूत आहे. दोष तापमानाच्या सेन्सरमध्ये किंवा नियंत्रणाच्या बाजूला शोधावा. दोन्ही वेळा फिरत नसेल, तर फ्यूज, रिले, जोडणी आणि मोटर या क्रमाने जावे. स्वस्त व सोपे आधी, महाग व अवघड नंतर, हे या क्रमाचे तत्त्व.

फ्यूज: पंख्याचा फ्यूज सहसा बॉनेटखालच्या पेटीत, ३० ते ४० अँपिअर क्षमतेचा असतो. केवळ डोळ्यांनी पाहून भागत नाही, मल्टिमीटरने तपासावा. नवा फ्यूज पुन्हा उडाला, तर मोटर जाम आहे किंवा वायर कोठेतरी उघडी पडली आहे. अशा वेळी अधिक क्षमतेचा फ्यूज घालणे किंवा फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा बसवणे म्हणजे आगीला निमंत्रण आहे.

रिले: रिले हा छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह जोडणारा विजेचा स्विच. त्याच पेटीत तोच क्रमांक छापलेला दुसरा रिले, बहुधा हॉर्नचा, असेल तर दोघांची अदलाबदल करावी. पंखा सुरू झाला आणि हॉर्न बंद पडला, की निदान पूर्ण झाले. रिलेची बैठक करपलेली किंवा वितळलेली दिसल्यास केवळ रिले बदलणे पुरेसे नाही; सैल झालेले संपर्क नव्या रिलेलाही जाळतील.

मोटर: इंजिन बंद, चावी काढलेली आणि बॅटरीची ऋण वायर सोडवलेली असताना पाती हाताने फिरवून पाहावीत. ती सहज फिरली पाहिजेत. खरखर किंवा अडथळा जाणवल्यास बेअरिंग गेले आहे. नंतर मोटरची जोडणी काढून, मध्ये फ्यूज असलेल्या वायरने तिला बॅटरीवरून थेट वीज द्यावी. फिरली नाही, तर दोष मोटरचाच. हलका ठोका दिल्यावर फिरू लागली, तर आतील कार्बन ब्रश झिजले आहेत आणि ती लवकरच कायमची थांबणार आहे. मंद फिरणारी मोटर सर्वांत फसवी: “पंखा चालतो” असा शेरा मिळतो, पण पुरेशी हवा जात नाही.

जोडणी आणि अर्थ: समुद्राकाठच्या दमट, खारट हवेत जोडण्यांवर हिरवट गंज चढतो. मोटर जोडलेली नसताना मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो आणि मोटर जोडताच व्होल्टेज कोसळते, अशी स्थिती असेल तर दोष खराब संपर्काचा असतो. म्हणून मोजणी नेहमी भार असताना करावी. इंजिनाच्या सांगाड्याला जाणारी अर्थची वायर सैल असल्यानेही हेच घडते आणि ती पुष्कळदा तपासायची राहून जाते.

रोधक आणि नियंत्रक: दोन वेगांच्या पंख्यात कमी वेगासाठी रोधक असतो. तो जळाल्यास पंखा सौम्य तापमानात फिरत नाही आणि तापमान बरेच वाढल्यावर एकदम पूर्ण वेगात सुरू होतो. अलीकडील गाड्यांत वेग अखंड बदलणारा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक असतो. त्याला थेट वीज देऊन प्रयोग करू नयेत, ओबीडी यंत्राद्वारे आज्ञा देऊन पंखा फिरवून पाहावा.

सेन्सर: कूलंटचा सेन्सर तापमान वाढेल तसा स्वतःचा रोध कमी करतो. थंड गाडीत रात्रभरानंतर ओबीडीवर कूलंटचे तापमान बाहेरच्या हवेइतके दिसले पाहिजे. मोठी तफावत दिसल्यास सेन्सर संशयित. अनेक गाड्यांत सेन्सरची जोडणी काढताच संगणक सावधगिरी म्हणून पंखा पूर्ण वेगात लावतो. तसे झाल्यास पंख्याचे विद्युतमंडल ठीक आहे असे समजावे. संगणकाने नोंदवलेले संकेतही वाचावेत: पी ०४८० हा पहिल्या पंख्याच्या नियंत्रणाचा, पी ०११७ व पी ०११८ हे सेन्सरच्या मंडलाचे, पी ०१२८ हा कूलंट अपेक्षित तापमानापर्यंत न पोहोचल्याचा आणि पी ०२१७ हा इंजिनाच्या अतितापाचा. संकेत मंडल दाखवतो, दोषी भाग नव्हे. पी ०४८० दिसला म्हणून लगेच नवी मोटर आणू नये.

दुरुस्तीनंतर एक छोटी चाचणी अवश्य करावी. पंखा चालू असताना गाडीच्या पुढच्या जाळीसमोर कागद धरावा. तो आत ओढला गेला पाहिजे. वायरी उलट जोडल्यास पंखा फिरतो, पण हवा पुढे फेकतो आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याशीच झगडतो. पंख्याभोवतीचे प्लास्टिकचे आवरणही तुटलेले नसावे. ते नसेल तर हवा रेडिएटरच्या संपूर्ण पृष्ठभागातून खेचली जात नाही.

काही मोठ्या एसयूव्ही आणि पिकअप गाड्यांत पंखा विजेवर नव्हे, तर इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो आणि त्याच्या मध्यभागी सिलिकॉन द्रव भरलेला क्लच असतो. इंजिन तापले की क्लच घट्ट पकडतो आणि पंख्याचा घरघराट ऐकू येतो. तापलेले इंजिन बंद केल्यावर पंखा हाताने फिरवून पाहिला असता तो अडथळ्याविना अनेक वेढे फिरत राहिला किंवा क्लचभोवती तेलकट ओघळ दिसले, तर क्लच निकामी झाला आहे.

इंजिन बंद केल्यावर पंखा काही मिनिटे फिरत राहणे मात्र दोष नाही. तशी रचनाच असते. तो तासभर फिरत राहून बॅटरी रिकामी करत असेल, तर रिलेचे संपर्क चिकटले आहेत. हायब्रिड आणि विद्युत गाड्यांत नारिंगी आवरणाच्या वायरींमधून प्राणघातक व्होल्टेजचा प्रवाह असतो; तेथे घरगुती तपासणी निरीक्षणापुरतीच ठेवावी.

पंखा फिरतो, तरीही तापते

प्रथम बाहेरून पाहावे. शमाल वाऱ्याबरोबर येणारी बारीक वाळू, कीटक आणि प्लास्टिकचे तुकडे कंडेन्सर व रेडिएटर यांच्या फटीत जमतात. समोरून जाळी स्वच्छ दिसते आणि मधला थर मात्र गादीसारखा झालेला असतो. कमी दाबाच्या पाण्याने, शक्यतो इंजिनाच्या बाजूकडून पुढच्या दिशेने, तो धुवावा. उच्च दाबाचा फवारा नाजूक पापुद्रे वाकवतो.

त्यानंतर झाकण. त्यावर छापलेला दाब, साधारण ०.९ ते १.४ बार, हा सजावटीचा आकडा नाही. निम्मे ग्लायकोल व निम्मे पाणी यांचे मिश्रण उघड्यावर सुमारे १०७ अंशांना उकळते. एका बारच्या दाबाखाली हाच बिंदू १२५ अंशांच्या पुढे जातो. झाकणाची स्प्रिंग सैल पडली किंवा रबर चिरले, की हे सारे संरक्षण नाहीसे होते. सर्वांत स्वस्त भागांपैकी हा एक, आणि पुष्कळदा न तपासताच सुटणारा.

गॅरेजमध्ये तीन चाचण्यांचा आग्रह धरावा. पहिली दाबाची: हातपंपाने यंत्रणेत झाकणावरील आकड्याइतका दाब भरून तो टिकतो का, हे पाहणे. दुसरी, रेडिएटरच्या पृष्ठभागावर इन्फ्रारेड तापमापक फिरवणे. मध्येच गार लागणारा भाग म्हणजे चोंदलेल्या नळ्या. तिसरी, कूलंटच्या टाकीतील हवेत ज्वलनाचे वायू आहेत का, याची रासायनिक चाचणी; निळे द्रव पिवळे पडले तर हेड गॅस्केट फुटले आहे. टाकीत सतत येणारे बुडबुडे, एक्झॉस्टमधून गोडसर वासाचा पांढरा धूर आणि तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय ही त्याचीच लक्षणे. या चाचण्यांपूर्वी रेडिएटर किंवा इंजिन बदलण्याचा सल्ला मिळाल्यास दुसरे मत घ्यावे.

कूलंट आणि साध्या पाण्याची सवय

खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या आणि रेडिएटरमध्ये ओतले जाणारे डब्यातले पाणी हे दृश्य आपल्याकडील एका पिढीच्या चांगलेच परिचयाचे आहे. त्या काळच्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरने आणि ओतीव लोखंडाच्या इंजिनाने ते चालवून घेतले. आजच्या ॲल्युमिनियमच्या इंजिनात तीच सवय नुकसान करते. “येथे बर्फ पडत नाही, मग अँटीफ्रीझ कशाला?” हा प्रश्न आखातात आजही ऐकू येतो. त्याचे उत्तर असे की, ग्लायकोल गोठणबिंदू खाली नेते तसेच उत्कलनबिंदू वरही नेते. आणि कूलंटमधील गंजरोधक द्रव्ये धातू, रबर व पंपाचे सील यांचे रक्षण करतात. साध्या पाण्यातील क्षार नळ्यांत कवच धरतात आणि रेडिएटर आतून बुजवतात. वाटेत अडचण आली तर थंड झालेल्या इंजिनात पिण्याचे पाणी घालून गॅरेज गाठण्यास हरकत नाही. पण नंतर यंत्रणा धुऊन योग्य मिश्रण भरावे. मिसळण्यासाठी डिस्टिल्ड वॉटरच वापरावे.

केवळ ग्लायकोल भरणेही चूक. उष्णता वाहून नेण्यात पाणी अधिक समर्थ असल्याने निम्मे-निम्मे मिश्रण सर्वसाधारणपणे योग्य ठरते. तयार मिश्रण घेतल्यास त्यात पाणी घालू नये. रंगावर विसंबू नये: हिरवा, गुलाबी, निळा यांना सर्व कंपन्यांत समान अर्थ नाही आणि भिन्न रसायनांची मिश्रणे कधीकधी घट्ट गाळ धरतात. वाहनाच्या पुस्तिकेतील निर्देश हाच आधार. जुन्या प्रकारचे कूलंट साधारण दोन वर्षांनी, सेंद्रिय आम्लांवर आधारलेले दीर्घायुषी कूलंट साधारण पाच वर्षांनी बदलावे लागते. ग्लायकोल गोड चवीचे पण विषारी असते. मुले व प्राणी यांच्यापासून ते दूर ठेवावे आणि सांडलेले तत्काळ धुवावे.

जुनी गाडी घेताना

आखाती बाजारासाठी बनविलेल्या गाड्यांत, ज्यांना बोलीभाषेत जीसीसी स्पेसिफिकेशन म्हणतात, शीतन यंत्रणा सामान्यतः येथील उन्हाळा गृहीत धरून अधिक सक्षम दिलेली असते. अन्य देशांतून आयात केलेल्या जुन्या गाड्यांत तसे असेलच असे नाही. समोरून ठोकर बसून दुरुस्त झालेल्या गाडीत तर रेडिएटर, कंडेन्सर आणि पंखा हेच भाग प्रथम बदललेले असतात. अशी गाडी सकाळच्या गारव्यात पाहून व्यवहार करू नये. दुपारी एसी पूर्ण लावून ती वीस मिनिटे एका जागी चालू ठेवावी, तापमान ओबीडीवर पाहावे आणि पंख्याचे दोन्ही वेग ऐकावेत. विक्रेता यास तयार नसेल, तर तेही एक उत्तरच आहे.

उन्हाळ्यापूर्वीचा अर्धा तास

एप्रिलमध्ये अर्धा तास काढून पुढील बाबी पाहिल्या, तर पुढचे पाच महिने बहुतांशी निर्धास्त जातात. थंड इंजिनात टाकीतील पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे ना. दर महिन्याला ती घटत असेल, तर गळती आहे असेच समजावे, कारण बंद यंत्रणेतील कूलंट आपोआप संपत नाही. होज पाइप फुगलेले, चिरलेले किंवा चिकट झालेले नाहीत ना. वॉटर पंपाखाली वाळलेल्या कूलंटचे पांढरट वा रंगीत डाग नाहीत ना. पट्टा ताठ आहे ना. रेडिएटरची जाळी मोकळी आहे ना. आणि शेवटी, एसी लावल्यावर पंखा फिरतो ना. या शेवटच्या तपासणीस ना अवजार लागते ना तंत्रज्ञ. बॉनेट उघडून दुरून दोन मिनिटे पाहणे एवढेच पुरते. गॅरेजला जाण्याची वेळ आलीच, तर गाडी कोणत्या वेगात, किती वेळाने, एसी चालू असताना की बंद असताना तापली, हे लिहून न्यावे. निदानाची खरी सुरुवात त्या चिठ्ठीपासून होते.